वज्रेश्वरीची गरम कुंडं आणि जमिनीचा सातबारा

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी.
ठाणे जिल्ह्यातली, तानसा नदीकाठची ही गावं.
नवी मुंबईहून ठाणे आणि भिवंडीमार्गे इथे पोहोचता येतं.

श्रोतेहो, इथल्या कुंडांमागे जिवंत ज्वालामुखी नाही.
पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल झिरपतं.
तिथे ते तापतं, आणि पुन्हा वर येतं.
गंधकाचा वास येतो, तो या पाण्याचाच.

वसई जिंकल्यावर, म्हणजे 1739 नंतर, चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचं मंदिर बांधवलं.
विसाव्या शतकात स्वामी नित्यानंद गणेशपुरीत राहिले.
भाविक वाढले, धर्मशाळा आल्या.
आता बंगल्यांच्या प्लॉटच्या जाहिरातीही आल्या आहेत.

आधी सातबारा पाहावा.
जाहिरात नंतर.
जमीन शेतीची असेल, तर महाराष्ट्रात ती सहसा शेतकरीच विकत घेऊ शकतो.
इतरांना परवानगी लागते.
जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर नियम आणखी कडक आहेत.
सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय असा व्यवहार टिकत नाही.
‘एनए होणार आहे’ म्हणजे एनए, अर्थात बिनशेती, झालेली जमीन नव्हे.
जमीन बिनशेती झाल्याचा अधिकृत कागदच मागावा.
मोठ्या प्लॉट योजनेची महारेरा नोंदणीही तपासावी.

पावसाळ्यात एक फेरी जरूर मारावी.
तानसा फुगली, की नदीपात्रातली कुंडं पाण्याखाली जातात.
काठाची जमीन पूररेषेत येते का, हे तेव्हाच विचारावं.
कायम राहणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवसाची गर्दीही पाहून घ्यावी.

आणि सातबारा?
तो ताजाच काढावा, विक्रेत्याच्या फाइलमधला जुना नको.