दुसऱ्या टोकाला

१८ जून १९८३ या दिवशी इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्स इथे भारत आणि झिंबाब्वे यांच्यात विश्वचषक स्पर्धेतला सामना झाला आणि कपिलदेवने नाबाद १७५ धावा काढल्या. क्रिकेटमधलं काही कळो न कळो, हा आकडा आपल्याकडे घरोघर माहीत आहे. पण ही खेळी पाहिली कुणी? त्या दिवशी मैदानावर हजर असलेले लोक सोडले तर कुणीच नाही. बीबीसीच्या कर्मचाऱ्यांचा संप होता असं सांगतात. कारण काही असो, कॅमेरे तिथे नव्हते. भारतीय फलंदाजाने एकदिवसीय सामन्यात काढलेलं पहिलं शतक आणि त्याचं एका मिनिटाचंही चित्रण नाही!

२४ डिसेंबर २०२१ रोजी कबीर खान या दिग्दर्शकाचा '८३' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्यापुढची अडचण आणि संधी एकच होती. लॉर्ड्सवरचा अंतिम सामना लोकांनी शंभर वेळा पाहिलेला. तिथे रणवीर सिंगची मान जरा वेगळी वळली तरी प्रेक्षक म्हणणार, कपिल असा नव्हता. टनब्रिज वेल्सला मात्र तुलनेला काहीच नव्हतं. कबीर खानने त्याच मैदानावर जाऊन ती खेळी पुन्हा उभी केली. ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांनी वेढलेलं, आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजच्या मैदानासारखं ते छोटं मैदान पडद्यावर आलं तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. अडतीस वर्षं केवळ कानांनी ऐकलेली गोष्ट डोळ्यांना दिसत होती.

भारतीय संघ तेव्हा किती लिंबूटिंबू समजला जायचा हे आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात आपण फक्त पूर्व आफ्रिकेला हरवलं. इंग्लंडविरुद्ध सुनील गावसकरांनी पूर्ण साठ षटकं खेळून नाबाद ३६ धावा काढल्या, त्यावर आजही विनोद होतात. १९७९ मध्ये तिन्ही सामने हरलो, त्यातला एक श्रीलंकेशी, ज्यांना तेव्हा कसोटीचा दर्जाही नव्हता. डेव्हिड फ्रिथ नावाच्या इंग्रज संपादकाने तर १९८३ च्या स्पर्धेआधी लिहिलं होतं की, भारतासारख्या संघांनी या स्पर्धेतून अंग काढून घेतलेलं बरं. पुढे एका वाचकाने आठवण करून दिल्यावर या गृहस्थांनी स्वतःचे शब्द, म्हणजे तो छापील कागद, खरोखरच चावून गिळला. चित्रपटात हा प्रसंग आहे आणि थिएटरात त्याला टाळ्या पडतात. मात्र स्पर्धेच्या अडीच महिने आधी, मार्च १९८३ मध्ये, गयानातल्या बर्बिसला आपण वेस्ट इंडीजला त्यांच्याच अंगणात हरवलं होतं, हे त्या टाळ्यांत कुणाला आठवत नाही. नऊ-दहा जूनला मँचेस्टरला त्याच वेस्ट इंडीजवर ३४ धावांनी मिळवलेला विजय आकाशातून पडलेला नव्हता.

आता टनब्रिज वेल्सकडे येतो. ४ बाद ९. मग ५ बाद १७. रॉजर बिन्नीने थोडा वेळ साथ दिली, नंतर मदनलालने. ८ बाद १४० झाल्यावर सय्यद किरमाणी मैदानात आले. तिथून साठ षटकं संपेपर्यंत एकही बळी गेला नाही. धावफलक ८ बाद २६६. नवव्या गड्यासाठी १२६ धावांची अभेद्य भागी; हा विक्रम २०१० पर्यंत टिकला. त्यातल्या किरमाणींच्या धावा २४. सामना आपण ३१ धावांनी जिंकला, म्हणजे ती भागी नसती तर आपण स्पर्धेतून जवळजवळ बाहेर होतो.

या चोवीस धावांबद्दल मला बोलायचं आहे. सोळा चौकार आणि सहा षटकार मारणाऱ्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण दुसऱ्या टोकाला जो उभा असतो त्याचं काम विचित्र असतं. त्याने बाद व्हायचं नाही, चेंडू वाया घालवायचे नाहीत, एक धाव काढून समोरच्याला पुढे करायचं आणि त्याच्या अंगात आलंय म्हणून आपल्या अंगात येऊ द्यायचं नाही. कवीला हे काम कळतं. आमच्यातही काही शब्द असे असतात, ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही, पण ते काढले की ओळ कोसळते.

किरमाणी त्या वेळी तेहतीस वर्षांचे होते. उमेदीची वर्षं फारुख इंजिनिअर यांच्या मागे राखीव यष्टिरक्षक म्हणून गेलेली. १९७९ च्या विश्वचषकाला त्यांना नेलंच नव्हतं. १९८३ मध्ये लेस्टरला झिंबाब्वेविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्यांनी पाच झेल घेतले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम यष्टिरक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला. चित्रपटात साहिल खट्टरने त्यांची भूमिका केली आहे. भूमिका छोटी, बरीचशी गमतीची. पण टनब्रिज वेल्सच्या प्रसंगात तो खराखुरा वाटतो.

आमच्या मिरजेच्या मोहल्ल्यात किरमाणी हे नाव त्या महिन्यात कसं घेतलं जायचं, ते सांगतो. स्पर्धा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रमजान लागला. मी तेरा वर्षांचा. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानात फळीवर मर्फीचा रेडिओ. टनब्रिज वेल्सचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांत आला तेव्हा सहेरी करून, नमाज पढून माणसं दुकानापुढे रेंगाळलेली होती. कपिलच्या १७५ वर सगळे बोलले. मग एक म्हातारा, पंक्चर काढायला सायकल घेऊन आलेला, हळूच म्हणाला, "आणि आपला किरमाणी?" सगळे क्षणभर गप्प झाले. त्या 'आपला' शब्दात काय काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळत गेलं.

अंतिम सामन्याच्या दिवशी, २५ जूनला, शनिवारी, दुकान अर्धं बंद आणि अर्धं उघडं होतं. इफ्तारच्या खजुरा रेडिओसमोरच वाटल्या गेल्या. तरावीहची नमाज आटोपून मशिदीतून बाहेर पडणारा प्रत्येक जण चपला पायांत घालण्याआधी विचारत होता, "किती झाले?" १८३ धावांत काय होणार, असं म्हणणारे शेजारचे वाणी आणि समोरचे गुरवही तिथेच बाकावर होते. रात्री मायकेल होल्डिंग पायचीत झाला, वेस्ट इंडीजचा डाव १४० वर संपला आणि अब्बांनी झोपलेल्या हलवायाला उठवून पेढे आणले.

या पेढ्यांची एक पुढची गोष्ट आहे. एप्रिल १९८६ मध्ये शारजात जावेद मियांदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारून आपल्याला हरवलं. माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक आलं आणि हसत हसत अब्बांना म्हणालं, "काय चाचा, पेढे कुठायत?" अब्बांनी चाकातली तार ताणता ताणता मान वर न करता उत्तर दिलं, "त्र्याऐंशीला वाटले ते एवढ्यात पचले होय?" गिऱ्हाईक ओशाळलं, त्याने चहा घेतला आणि गेलं. अब्बांचा हात मात्र त्या दिवशी कामावर बसला नाही. एक चाक त्यांनी तीनदा खोललं.

हा प्रश्न या ना त्या रूपात मला पुढेही विचारला गेला. कचेरीत, प्रवासात, एकदा तर कविसंमेलनाच्या जेवणाच्या पंगतीत. विचारणारा दर वेळी दुष्ट असतो असं नाही. बहुतेकदा त्याला ती गंमतच वाटते. पण ज्याला विचारलं जातं त्याला उत्तर तयार ठेवावं लागतं, आणि तयार उत्तर घेऊन सामना पाहणं म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं.

ही गोष्ट जुनी आहे. अब्बास अली बेग हे उमदे फलंदाज १९६०-६१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत अपयशी ठरले, तर त्यांच्या धर्मावर बोट ठेवणारी पत्रं त्यांना आली. आणि ही गोष्ट नवीही आहे. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. हरले अकरा जण. पण समाजमाध्यमांवर देशद्रोही ठरवला गेला तो मोहम्मद शमी. कर्णधार विराट कोहली पत्रकारांपुढे येऊन शमीच्या पाठीशी ठामपणे उभा राहिला, हे मी विसरणार नाही. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी '८३' पडद्यावर आला. मी तो पाहिला तेव्हा डोक्यात शमी होता. किरमाणींकडे पाहताना तो मध्येच डोकावत होता.

कबीर खानच्या डोक्यातही हे असावं. (जाता जाता सांगतो, २००७ च्या 'चक दे इंडिया' मध्ये पाकिस्तानविरुद्ध गोल हुकला म्हणून गद्दार ठरवल्या गेलेल्या हॉकीपटूचं नावही कबीर खानच होतं. हा निव्वळ योगायोग.) '८३' मध्ये त्याने एक उपकथानक घातलं आहे. दंगलीने होरपळलेलं एक गाव, संचारबंदी, आणि सामन्याच्या ओढीने एकमेकांजवळ येणारी माणसं. सीमेवरचे जवानही आहेत. हेतू चांगला आहे आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी डोळे पुसले. मला मात्र हा भाग पटला नाही. सामना लावला की दंगल विझते, हे इतकं सोपं असतं तर काय हवं होतं? विश्वचषक जिंकल्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, मे १९८४ मध्ये, आपल्या भिवंडीत काय झालं? त्या रात्री लॉर्ड्सचा विजय ऐकून भिवंडीच्या यंत्रमागांवरही माणसं नाचलीच असतील, दोन्हीकडची. तरी माग जळले, माणसं जळली. क्रिकेटच्या अंगावर आपण नको ती कामं टाकतो आणि मग ते काम झालं नाही की एखाद्या शमीला धरतो.

दंगलीच्या त्या गावापेक्षा टनब्रिज वेल्सच्या त्या खेळपट्टीवर जे आहे ते अधिक खरं आहे. तिथे कुणी कुणाला मिठी मारून एकात्मतेचं भाषण करत नाही. चंदीगडचा एक आणि बंगळुरूचा एक, दोघांना एकच चिंता आहे की षटकं पुरी खेळायची. एक मारतो, एक थांबतो. धाव घेताना दोघांना एकमेकांच्या हाकेवर भरवसा ठेवावाच लागतो, नाहीतर दोघांतला एक धावबाद. मला वाटतं, दिग्दर्शकाने तेवढंच दाखवून थांबायला हवं होतं.

चित्रपटात माझ्या जीवाला लागलेल्या आणखी काही गोष्टी आहेत. पंकज त्रिपाठींनी रंगवलेले व्यवस्थापक मानसिंग आणि त्यांची काटकसर. संदीप पाटील यांच्या भूमिकेत त्यांचाच मुलगा चिराग. लाला अमरनाथ यांच्या भूमिकेत चक्क मोहिंदर अमरनाथ, म्हणजे मुलगा वडील झालेला. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध ६१ धावा काढणारे यशपाल शर्मा मात्र चित्रपट येण्याच्या पाच महिने आधी, जुलै २०२१ मध्ये, गेले. विजयानंतर मंडळाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते आणि आपल्या लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम करून प्रत्येक खेळाडूला एक एक लाख रुपये मिळवून दिले, हे आजच्या लिलावांच्या आकड्यांपुढे परीकथेसारखं वाटतं.

चित्रपट ओमायक्रॉनच्या साथीत अडकला. दिल्लीतली थिएटरं आठवड्याच्या आत बंद झाली, इथे निम्म्याच खुर्च्यांना परवानगी होती. अपेक्षेइतकी गर्दी त्याच्या नशिबी आली नाही. मला त्याचं वाईट वाटतं, कारण हा चित्रपट गर्दीत, शिट्ट्यांच्या आवाजात पाहायचा होता.

शेवटी अंतिम सामन्यातली एक जोडी. ९ बाद १६१ अशी आपली अवस्था होती. श्रीकांतच्या ३८ धावा सर्वांना आठवतात. पण अखेरच्या गड्यासाठी किरमाणी आणि बलविंदरसिंग संधू यांनी २२ धावा जोडल्या, तेव्हा कुठे १८३ झाले. एक मुसलमान यष्टिरक्षक, एक शीख गोलंदाज. माल्कम मार्शलचा एक उसळता चेंडू संधूंच्या हेल्मेटवर आदळला. ते डोकं झटकून पुन्हा उभे राहिले. किरमाणी दुसऱ्या टोकाला होते. मग याच संधूंनी गॉर्डन ग्रीनिजचा तो प्रसिद्ध त्रिफळा उडवला, आणि संधूंच्याच चेंडूवर फाउद बॅकसचा झेल किरमाणींनी उजवीकडे झेपावून घेतला. '८३' च्या नटांना क्रिकेट शिकवायचं काम ज्यांच्याकडे सोपवलं होतं ते हेच बलविंदरसिंग संधू. त्यांची भूमिका केलेल्या अॅमी विर्कला मार्शलचा तो चेंडू नेमका कुठे लागला होता, हे त्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावून दाखवलं असणार.