पन्नास घरांचा नियम

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही काही व्यासंगी वक्ते नव्हे. स्थापत्याची पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि मोजमापे, अंदाजपत्रके, बिले यांत वीस वर्षे गेली. इतिहास वाचण्याचा नाद मात्र सुटला नाही. कार्यवाहांनी ‘देशांतर’ हा विषय दिला, तेव्हा वाचनात आलेल्या दोन सागरी प्रवासांची हकिगत आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रवास इंग्रजांचा. इंग्लंडमधील सरकारमान्य चर्चमध्ये कर्मकांड फार माजले आहे, ते शुद्ध केले पाहिजे, असे म्हणणाऱ्यांना प्युरिटन म्हणत. त्यांच्यातला एक लहान गट चर्चपासून वेगळाच झाला. त्यापायी छळ सोसावा लागला, म्हणून १६०८ च्या सुमारास ही माणसे हॉलंडमध्ये गेली आणि लायडन शहरात स्थिरावली. तिथे त्यांच्या धर्माला कोणी आडकाठी केली नाही. तरीही दहा-बारा वर्षांनी त्यांनी पुन्हा गाठोडी बांधली. गरिबी होती, कष्ट फार होते, युद्धाची भीतीही होती. पण आणखी एक कारण त्यांनी नोंदवून ठेवले आहे. आपली मुले डच होत चालली, आपली भाषा आणि इंग्रज हे नाव जाणार, ही ती चिंता. छळाला कंटाळून घर सोडलेली माणसे दुसऱ्यांदा निघाली, त्यात मुलांच्या भाषेची काळजीही होती!

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी अमेरिकेला निघाले. दोन महिने समुद्रात गेले आणि पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मी माणसे दगावली. पुढे १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली सुमारे हजार प्युरिटन मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत उतरले. १६३६ मध्ये त्यांनी महाविद्यालय स्थापण्याचा ठराव केला. तेच आजचे हार्वर्ड. १६४७ मध्ये कायदा केला, की ज्या गावात पन्नास घरे होतील, त्या गावाने मुलांना लिहा-वाचायला शिकवणारा एक शिक्षक नेमलाच पाहिजे. प्रत्येकाला आपला धर्मग्रंथ स्वतः वाचता यावा, हा त्यामागचा हेतू. या मंडळींचे सगळेच चांगले होते असे नाही. स्वतः छळ सोसूनही त्यांनी दुसऱ्या मताच्या माणसांना वसाहतीबाहेर घालवले आणि तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन गेली. पण पन्नास घरांचा तो नियम मात्र आम्हाला विसरता येत नाही.

दुसरा प्रवास आपल्या माणसांचा. १८३४ पासून इंग्रजांनी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. पाच वर्षांचा करार आणि पुरुषाला महिना पाच रुपये, अशी सुरुवातीची बोली. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेली, काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडची कोकणी माणसे होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांनी चढलेल्या सोळा पायऱ्या आजही दाखवतात. ‘आप्रवासी घाट’ या नावाने ती जागा २००६ पासून जागतिक वारसा आहे. वर गेले की माणसाला एक क्रमांक मिळे. पुढे कागदोपत्री बापाचे नाव हेच मुलांचे आडनाव झाले आणि कित्येक कोकणी आडनावे पुसली गेली.

या लोकांबरोबर ना पुढारी होता, ना शिक्षक, ना कायदा करण्याचा अधिकार. तरी त्यांनी गणपती नेला. हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणेशपूजन होत आले आहे आणि आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात. घरात मात्र बोली क्रिओल झाली. आता तिथली मुले मराठी शिकतात ती शाळेत, वर्गात बसून. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. म्हणजे उत्सव भक्तीने टिकला, पण भाषा टिकवायला शेवटी फळा आणि खडूच लागला.

आता आपले पाहू. आम्ही समुद्र ओलांडला नाही. आमचे आजोबा नांदेडहून आगगाडीत बसून निजामाच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा नांदेड आणि हैदराबाद एकाच संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही होतो तिथेच राहून परराज्यातले झालो. आपल्या पूर्वजांना मात्र पन्नास घरांचा नियम कोणी सांगावा लागला नाही. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी विवेक वर्धिनी उभी केली. मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. उर्दूच्या राज्यात हे सोपे नव्हते.

आणि आज? आमच्याच घरची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आईचा चष्मा फुटला. तिने आठवीतल्या नातवाला आरत्यांचे पुस्तक दिले आणि म्हणाली, “बाळा, तू वाच, मी म्हणते.” दुसऱ्याच ओळीला तो अडला. “आजी, हे मला येत नाही,” म्हणून पुस्तक मिटले आणि मोबाइलवर आरती लावून दिली. आई काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही, कारण चूक पोराची नव्हती. त्याला वाचायला बसवण्याचे काम आमचे होते आणि आम्ही कधी बसवलेच नव्हते.

पण नंतर एक गोष्ट ध्यानात आली. शाळेत हिंदी असल्यामुळे त्याला देवनागरी अक्षरे येत होती. राहिला ‘ळ’. तो तर तेलुगूत रोजचाच आहे. दिवसातून दहा वेळा ‘नीळ्ळु’ म्हणणाऱ्या मुलाला ‘सकाळ’ आणि ‘बाळ’ म्हणायला काय अवघड? लिपी हिंदीने दिली, उच्चार तेलुगूने दिला. उरली फक्त मराठी, आणि ती देणे आमच्याकडे होते. त्या दिवसापासून रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे तो आजीला मोठ्याने वाचून दाखवतो. अडखळतो, हसतो, पण वाचतो. गेल्या गणपतीत आरतीचे पुस्तक त्याच्याच हातात होते.

म्हणून मंडळाला एकच विनंती. आपल्या मंडळात पन्नासांहून अधिक घरे आहेत. दहा दिवस आरतीपूर्वी अर्धा तास मुलांना मराठी वाचायला बसवू आणि उत्सवानंतर दर रविवारी तो वर्ग चालू ठेवू. शिकवणारे शोधायला लांब जायला नको. निवृत्त शिक्षिका आणि घरोघरच्या आज्या आपल्याकडे आहेत. पहिल्या रविवारी सतरंजी घालायला आम्ही हजर राहू.

हुसेनसागरात मूर्तीचे विसर्जन आपण दरवर्षी करतो. भाषेचे विसर्जन आपल्या हातून होऊ नये, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!