दानास हातांची जोड



आपल्या किहीमशेजारी थळला मोठा खतकारखाना उभा आहे. आपल्या घरांतील तरुणही कंपन्यांत नोकरीस आहेत. २०१३ च्या कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकी २ टक्के रक्कम समाजकार्यास, भोवतालच्या परिसरास प्राधान्य देऊन, खर्चावी लागते. मात्र नोकरवर्गाने दिलेला वेळ त्या हिशेबात धरला जात नाही.

आम्ही शिकवीत होतो त्या शाळेस एका कंपनीने जलशुद्धियंत्र दिले. वर्षभरात ते बंद पडले. पैसा आला होता, माणूस आला नव्हता! पुढे आमच्याच एका फिटर विद्यार्थ्याने रविवारी येऊन ते चालू केले.

तरुणांनो, महिन्याचा एक रविवार गावच्या शाळेस द्या, एवढीच आमची विनंती.