सुईच्या आधीची गोळी

(टोरांटोतील मराठी मंडळात दिलेलं व्याख्यान, प्रश्नोत्तरांसह)

मंडळी, बोलावणं आलं तेव्हा विषय तुम्हीच ठरवा असं मला कळवलं होतं. तुमच्यातले बरेच जण माझ्या अर्धवट ओळखीचे आहेत. डिसेंबरात लग्नासाठी पुण्याला येता आणि हळदीला चार दिवस राहिले असताना बोटॉक्स किंवा फिलरसाठी माझ्या दवाखान्यात येता. बोटॉक्स म्हणजे काय, ते करावं की करू नये, यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते, सुई दुखू नये म्हणून घरून निघतानाच तुम्ही जी गोळी घेऊन येता, तिच्याबद्दल.

कोणती गोळी घेतलीत, असं विचारलं की उत्तर येतं, "साधीच, डोकेदुखीची." या 'साधीच'चा मला खरंच त्रास होतो. आपल्याकडे क्रोसिन, डिस्प्रिन, कॉम्बिफ्लाम एकाच डब्यात नांदतात आणि त्यामुळे त्या एकाच घरातल्या वाटतात. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, तुमचं इथलं टायलेनॉल. नेहमीच्या मात्रेत ते रक्त गोठण्याच्या कामात जवळजवळ लक्षच घालत नाही. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. कॉम्बिफ्लामला लोक क्रोसिनची थोरली बहीण समजतात, पण तिच्यात ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या जोडीला ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं, म्हणजे तुमचं अ‍ॅडव्हिल. कॅनडात आणखी एक गुंता आहे. अ‍ॅस्पिरिन हे नाव इथे आजही बायर कंपनीच्या मालकीचं आहे, म्हणून इतर कंपन्यांच्या बाटलीवर 'एएसए' लिहिलेलं असतं. "मी अ‍ॅस्पिरिन घेत नाही" असं अगदी खरेपणाने सांगणारी माणसं रोज सकाळी ८१ मिलिग्रॅमची एएसए घेत असतात. भारतात तीच गोळी ७५ ची मिळते.

टोचल्यावर एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की प्लेटलेट तिथे धावतात आणि एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. एकमेकींना बोलावण्यासाठी त्या थ्रॉम्बॉक्सेन नावाचं द्रव्य सोडतात, आणि त्यासाठी त्यांना कॉक्स-१ हे एन्झाइम लागतं. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नेमकं तेच अडवतात, म्हणून टोचलेल्या जागी निळा डाग पडायची शक्यता वाढते. पण दोघांची अडवण्याची तऱ्हा वेगळी. आयबुप्रोफेन एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकावा तसं जागा धरतं. काही तासांनी रुमाल उचलला जातो, सीट मोकळी. निरोगी माणसात साधारण एका दिवसात सगळं पूर्ववत होतं. नॅप्रोक्सेनचा, म्हणजे अलीव्हचा, रुमाल दोन-तीन दिवस राहतो. अ‍ॅस्पिरिन मात्र सीटच मोडून टाकतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. ती उरलेलं आयुष्य तशीच काढते, आणि ते आयुष्य सात ते दहा दिवसांचं असतं. म्हणून "परवाच घेतली होती, आता काय" हे आयबुप्रोफेनच्या बाबतीत चालतं, डिस्प्रिनच्या बाबतीत चालत नाही.

याच रुमालाची दुसरी बाजूही ऐका, ती चेहऱ्यापेक्षा महत्त्वाची आहे. हृदयासाठी एएसए घेणाऱ्याने आधी आयबुप्रोफेन घेतलं, तर सीट धरलेली असते आणि अ‍ॅस्पिरिनला आत शिरता येत नाही. ते तासाभरात रक्तातून निघून जातं, आणि हृदयाला मिळायचं ते संरक्षण त्या दिवशी मिळत नाही. गुडघ्यासाठी रोज अ‍ॅडव्हिल घेणाऱ्यांनी दोन गोळ्यांची वेळ फार्मासिस्टकडून नक्की ठरवून घ्यावी.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. स्टेंट बसवलेले गृहस्थ डाग पडू नये म्हणून स्वतःच्या मनाने आठवडाभर अ‍ॅस्पिरिन बंद करून येतात. एका तागडीत आठ-पंधरा दिवसांत जाणारा निळा डाग, दुसऱ्या तागडीत स्टेंटमध्ये होणारी गुठळी. ही तुलना मनात येऊच कशी शकते? कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर होते. टॉन्सिल काढल्यावर अ‍ॅस्पिरिनचं च्युइंगम चघळणाऱ्यांना रक्तस्राव जास्त होतो, हे १९४० च्या दशकात त्यांच्या ध्यानात आलं. त्यावरूनच हे औषध हृदयाच्या झटक्यापासून वाचवू शकेल, असं त्यांना सुचलं. डाग पाडणारा गुण आणि जीव राखणारा गुण एकच आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल माझ्या सुईसाठी बंद करू नका. मला फक्त सांगा. मी बारीक सुई वापरीन, जास्त वेळ दाबून धरीन, फिलर असेल तर शक्य तिथे बोथट कॅन्युला वापरीन.

(प्रश्न: मग दुखू नये म्हणून काय घ्यायचं?)

बहुतेकांना काहीच लागत नाही. बधिर करणारं मलम आणि बर्फ पुरतो. घ्यायचीच असेल तर टायलेनॉल.

(प्रश्न: हळद-लसूणही बंद करायचं का?)

जेवणातलं मुळीच नाही. हळदीच्या, लसणाच्या, फिश ऑइलच्या कॅप्सूल घेत असाल तर त्या आठवडाभर थांबवायला मी सांगते. त्यांच्याबद्दलचा पुरावा अ‍ॅस्पिरिनइतका पक्का नाही, पण थांबवल्याने काही बिघडतही नाही.

(प्रश्न: नातवाच्या तापासाठी आम्ही पुण्याहून डिस्प्रिन आणतो. ती कधी द्यायची?)

आजी, कधीच देऊ नका. बरं झालं विचारलंत. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन दिलं तर रे सिंड्रोम होऊ शकतो, त्यात मेंदूवर आणि यकृतावर घाला येतो. आजार क्वचित होतो, पण जिवावर बेततो. अठरा वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अ‍ॅस्पिरिन नाही. डब्यातून ती पट्टी आजच वेगळी काढा.

(प्रश्न: लग्नाच्या किती दिवस आधी यावं?)

तीन-चार आठवडे. बोटॉक्सचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, आणि डाग पडलाच तर तोही तोवर जातो. आपल्या सावळ्या वर्णावर त्याची तपकिरी छटा कधी कधी जास्त रेंगाळते. भुवयांच्या मध्ये डाग क्वचित पडतो, डोळ्यांच्या कडांना आणि ओठांना जास्त.

(प्रश्न: फिलरनंतरचा साधा डाग कोणता आणि घाबरायचं कधी?)

साधा डाग निळा-जांभळा असतो आणि दाबल्यावर थोडा दुखतो. कातडी पांढरी पडली, जाळीसारखी नक्षी उमटली, दुखणं वाढतच गेलं, तर फिलर रक्तवाहिनीत गेलेलं असू शकतं. त्यावर गोळी घेऊन झोपायचं नाही. ज्यांनी टोचलं त्यांना त्याच क्षणी फोन करा, कारण हायल्युरोनिक आम्लाचं फिलर विरघळवणारं इंजेक्शन असतं आणि ते जितकं लवकर दिलं जाईल तितकं चांगलं. दिसणं अंधुक झालं तर फोनचीही वाट पाहू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.