आधी ‘के’ धरा
(आकाशवाणीवरील भाषण)

अकोल्याची इंग्रजी अक्षरं पाच: ए, के, ओ, एल, ए. जागा बदलून बसवली की त्यांचा ‘कोआला’ होतो, निलगिरीचा पाला खाणारा ऑस्ट्रेलियातला प्राणी. जुन्या शहरातल्या पोरांना याची मोठी गंमत वाटते. मग विचारायचं, हीच पाच अक्षरं पोटात असलेला मोठा शब्द सांगा. पोरं ‘ए’पासून सुरुवात करतात आणि तिथंच अडकतात.

श्रावणी सोमवारी राजेश्वर मंदिरासमोर चपलांचा ढीग पडतो. दर्शन घेऊन आलेला माणूस काळे पट्टे शोधत बसला तर त्याला तिथंच रात्र व्हायची. तो आपला लाल अंगठा शोधतो. ‘ए’ आणि ‘ओ’ म्हणजे काळे पट्टे, जिकडे पाहावं तिकडे तेच. लाल अंगठा म्हणजे ‘के’. शिवाय एक चप्पल दिसली की जोडीची जवळच सापडते. ‘के’च्या आधी पुष्कळदा ‘सी’ असतो, तसंच. त्या जोडीवरून पॅडलॉक, एअरलॉक, ब्लॉकेड भराभर सुचतात.

पण थांबा! आपल्याला ‘ए’ दोन हवेत, आणि या तिन्ही शब्दांत तो एकेकच आहे. दोन्ही ‘ए’ मिळतात ‘अल्कलॉइड’मध्ये. चहातलं कॅफीन, सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइन ही त्याच जातीची.

आल्फ्रेड बट्स या अमेरिकन गृहस्थानं वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून एक खेळ बेतला. 1948 पासून तो स्क्रॅबल म्हणून ओळखला जातो. त्याच्या 100 सोंगट्यांत ‘ए’ 9, ‘ओ’ 8 आणि ‘के’ फक्त 1. म्हणून पुन्हा सांगणं, आधी दुर्मीळ अक्षर धरा.

आता अकोला जिल्ह्यातल्याच पातूरची पाच अक्षरं घ्या. इथं धरायचा तो ‘पी’. शेवटी ‘टी-यू-आर-ई’ लावलं की कॅप्चर, डिपार्चर आणि मे महिन्यात अकोल्यात ज्याच्यावाचून गप्पाच होत नाहीत ते टेंपरेचर! तेल्हाऱ्याची तर सातही अक्षरं, दोन्ही ‘ए’ धरून, ‘हेल्थकेअर’मध्ये बसली आहेत.

आईबाबांनो, रोज दहा स्पेलिंगं घोकून घेता आणि अक्षरांशी पोरांना घटकाभर खेळू देत नाही, हे काही बरं नाही. बाळापूरचं सांगायचं होतं, पण वेळ संपत आली. अकोटची चार अक्षरं आज जेवणं झाल्यावर मुलांना घेऊन सोडवा. सुरुवात मात्र ‘के’पासूनच करा.