न टेकताच वाजलेला बझर



आज तुम्हाला एका खेळाची गोष्ट सांगायची आहे. विकत आणलेल्या नव्हे, घरी बनवलेल्या. शाळेच्या मेळाव्यासाठी आम्ही तो केला. करायला आठ दिवस लागले, आणि तो खोटं बोलतोय हे कळायला अर्धा दिवस गेला. त्या अर्ध्या दिवसात पाचवीतल्या एका मुलीला मी चारचौघांत खोटं पाडलं होतं. ती रुखरुख अजून जात नाही, म्हणून हे बोलणं.

मी टेलिफोन खात्यातला माणूस. 1974 साली लागलो आणि पुढची कित्येक वर्षं एक्स्चेंजमधल्या रिल्यांच्या खडखडाटात काढली. निवृत्तीनंतर हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. ती खाली आली 2023 च्या डिसेंबरात. माझी नात तेव्हा सातवीत होती. शाळेत बालआनंद मेळावा ठरला होता. प्रत्येक वर्गानं एक स्टॉल लावायचा आणि जमलेल्या पैशातून वाचनालयाला दोन लोखंडी कपाटं घ्यायची. पुस्तकं खोक्यात होती आणि खोक्यांना वाळवी लागली होती.

नात म्हणाली, ''आजोबा, सगळे वर्ग खाण्याचेच स्टॉल लावतायत. तीन तर भेळेचेच आहेत. आपण खेळ करू. आवाज येईल, दिवा लागेल असा.''

खेळ तुम्ही पाहिला असेल. एक जाड तार वेडीवाकडी वाकवून फळीवर उभी करायची. तारेत एक धातूची कडी अडकवायची. कडी हातात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, पण ती तारेला टेकू द्यायची नाही. टेकली की बझर वाजतो आणि डाव संपतो. दिसायला सोपं, पण दुसऱ्या वळणावरच मोठमोठ्यांचे हात थरथरतात. मुलांनी तारेला चढ, उतार आणि एक अवघड वळण दिलं आणि खेळाचं नाव ठेवलं 'खंडाळ्याचा घाट'.

हार्डवेअरच्या दुकानातून कुंपणाची दहा गेजची तार आणली, साधारण मीटरभर. प्लायवूडची फळी घरात होती. मुठीला सायकलच्या हँडलचं जुनं रबर लावलं. जस्ताच्या तारेला सोल्डर नीट धरत नाही, म्हणून तिला नटबोल्टनं आवळून जोड दिला. तारेच्या दोन्ही टोकांना चार-चार बोटं इन्सुलेशन टेप गुंडाळला, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी कडी निवांत टेकवता येते. वीज म्हणाल, तर पेन्सिल सेलचे चार नग, म्हणजे सहा व्होल्ट. हे मी मुद्दाम सांगतो. मुलांच्या हातात उघडी धातूची कडी असते. अशा खेळाला घरातल्या प्लगची वीज अजिबात जोडायची नाही, स्वस्तातल्या चार्जरमधूनसुद्धा नाही. सेल म्हणजे सेलच.

पहिल्या दिवशी साधी जोडणी केली : सेल, बझर, तार आणि कडी. तासाभरात भांडणं सुरू झाली. कडी निसटती लागली की बझर नुसता 'टिक्' करायचा. खेळणारा म्हणायचा वाजला नाही, बघणारे म्हणायचे वाजला. मला माझा जुना रिले आठवला. रिल्याचाच एक संपर्क असा जोडायचा की एकदा तो ओढला गेला की स्वतःला धरून ठेवतो, आणि बटण दाबेपर्यंत बझर वाजत राहतो. छान चाललं. पण रिले हे यंत्र आहे. त्याची पट्टी ओढली जायला सेकंदाचा शंभरावा भाग तरी लागतो. त्याहून निसटता स्पर्श त्याला कळतच नाही. चपळ पोरं सुटायची आणि हळू हाताची अडकायची. हा काही न्याय नव्हे.

मग बाजारात जाऊन 555 आणली. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्यांना ही चकती सांगायला नको. आठ पायांची, नखाएवढी. हान्स कॅमेंझिंड नावाच्या अभियंत्यानं 1971 साली सिग्नेटिक्स या अमेरिकी कंपनीसाठी ती आखली, 1972 पासून ती विकायला आली, आणि पन्नास वर्षं उलटली तरी ती आजही दुकानात मिळते. तिच्या दोन नंबरच्या पायावरचा दाब एकूण दाबाच्या एक तृतीयांशाखाली गेला, म्हणजे आमच्या सहा व्होल्टांत दोन व्होल्टांखाली, की ती जागी होते आणि आपण ठरवू तितका वेळ बझर वाजवते. स्पर्श कितीही निसटता असो, तिच्या नजरेतून सुटत नाही. शंभर किलोओहमचा रेझिस्टर आणि बावीस मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की सुमारे अडीच सेकंद बझर वाजतो. वादाला जागाच नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

आता हिशेब. दहा रुपयांचं एक कुपन, एक डाव. जिंकणाऱ्याला बारा रुपयांचं पेन. कडी किती मोठी ठेवायची यावर सगळं गणित. आमच्या इमारतीतली सहा मुलं बसवली आणि प्रत्येकाला दहा-दहा डाव दिले. दोन सेंटिमीटरची कडी होती तेव्हा साठातले चार जिंकले. साडेतीन सेंटिमीटरची लावली तर सतरा. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, ''काका, दोनचीच ठेवा. पेनं वाचतील.'' जत्रेत असंच असतं म्हणा. रिंग टाकायच्या खेळात वस्तूचं खोकं एवढं असतं की रिंग त्यावर जेमतेम बसावी. पण हा मुलांचा मेळावा. चारांतला एक तरी जिंकला पाहिजे, नाहीतर रांगेतलं मूल उगाच दहा रुपये घालवून जातं. आम्ही साडेतीनची कडी ठेवली.

मेळाव्याच्या दिवशी नऊ वाजता स्टॉल मांडला. दहाच्या आत रांग लागली. कुपनं नात घेत होती, तिच्या दोन मैत्रिणी पेनं सांभाळत होत्या आणि मी फळीमागे पंच म्हणून बसलो होतो.

तेव्हा ती मुलगी आली. पाचवीतली, दोन वेण्या, दहाची नोट मुठीत चुरगाळलेली. एवढ्या शांतपणे खेळणारं मूल मी त्या सकाळी पाहिलं नव्हतं. श्वास रोखून तिनं चढ पार केला, उतार पार केला, अवघड वळणही काढलं. शेवटची वीतभर तार राहिली आणि बझर वाजला.

ती म्हणाली, ''आजोबा, टेकली नाही.''

मी म्हटलं, ''बाळा, टेकल्याशिवाय वाजतो का?''

''पण खरंच नाही टेकली. मी बघत होते.''

मागून पोरं ओरडायला लागली, ''गेली, गेली! पुढचा!'' आणि मी जे बोललो ते मला अक्षरशः आठवतं. मी म्हटलं, ''माणूस खोटं बोलेल, मशीन बोलत नाही.'' सगळे हसले. तिनं कडी खाली ठेवली आणि मागे न बघता निघून गेली.

साडेअकराच्या सुमारास रांगेत जरा खंड पडला. कडी टेप गुंडाळलेल्या टोकावर निवांत टेकवलेली होती. फळीजवळ कोणी नव्हतं. आणि बझर वाजला.

नात माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ''आजोबा, कोणी हात लावला नाही.'' थोडं थांबून म्हणाली, ''शेजारचा मिक्सर आत्ताच सुरू झाला.''

शेजारी मिल्कशेकचा स्टॉल होता. मी त्या ताईंना म्हटलं, जरा पाच वेळा मिक्सर चालू-बंद करून बघा. पाचांपैकी तीन वेळा आमचा बझर वाजला.

श्रोतेहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी सकाळी रेडिओ लागलेला असतो आणि स्वयंपाकघरात मिक्सर. मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो ना? मिक्सरच्या मोटारीत कार्बनच्या ब्रशांपाशी बारीक ठिणग्या उडत असतात. त्या ठिणग्या म्हणजे छोटी छोटी प्रक्षेपण केंद्रंच. आमची मीटरभर तार आणि मुठीपर्यंत गेलेली लांब वायर म्हणजे आयती एरियल. 555 च्या त्या दोन नंबरच्या पायाला मी दहा लाख ओहमचा रेझिस्टर लावून वर धरलं होतं. का, तर सेल वाचावेत. इतकं अशक्त धरलेलं टोक हवेतल्या खरखरीनंसुद्धा खाली ओढलं जातं. आणि गंमत म्हणजे, सेल वाचण्याचा प्रश्नच नव्हता. त्या रेझिस्टरमधून वीज जाते ती फक्त कडी टेकलेली असते तेवढा क्षण. जे वाचत नव्हतं ते वाचवायला गेलो आणि मुलांना बाद करत बसलो. घरी तासन् तास चाचणी घेतली होती, पण शेजारी मिक्सर लावून नाही.

समोर पुन्हा वीसेक मुलं जमली होती. कोणालाच काही कळलं नव्हतं. मिक्सर चालू असताना डाव थांबवायचा, एवढं केलं असतं तरी दिवस निभावला असता. पण सकाळपासून जे बाद झाले त्यांचं काय? नातीनं मला विचारलं नाही. तिनं सरळ कुपनांचा डबा मिटला आणि पाटीवर लिहिलं : 'यंत्रात चूक आहे. अर्ध्या तासानं या.'

घर जवळच होतं. जाऊन सुटे भाग घेऊन आलो. दहा लाखांच्या जागी एक हजार ओहमचा रेझिस्टर लावला. त्या पायापासून सेलच्या ऋण टोकापर्यंत एक पॉइंट एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. याचा उपयोग असा : खरी कडी टेकली तर ती या कपॅसिटरला एका क्षणात रिकामा करते, म्हणजे स्पर्श सुटत नाही. हवेतल्या खरखरीत मात्र तेवढा दम नसतो. मुठीकडे जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन घेतल्या. मग शेजारच्या ताईंना म्हटलं, लावा मिक्सर. वीस वेळा लावला. बझर गप्प. कडी नखभर टेकवली, की वाजला.

मग मुख्याध्यापिका बाईंना सांगून माइकवरून जाहीर केलं : घाटाच्या खेळात आज ज्यांना आपण चुकीनं बाद झालो असं वाटतं, त्यांनी यावं आणि फुकट खेळावं. कोणाला काही विचारणार नाही. एकतीस मुलं आली. त्यातली काही मघाशी खरोखर टेकवून बाद झालेली असणार, मला माहीत आहे. असू देत. त्या एकतीस जणांच्या मागे मी मान वर करकरून बघत होतो. दोन वेण्यांची मुलगी त्यांत नव्हती.

एक वाजता मेळावा संपला. विकलेली कुपनं 168, जमा 1680 रुपये. चव्वेचाळीस पेनं गेली, म्हणजे 528 रुपये. उरले 1152. भेळवाल्यांनी आमच्या दुप्पट कमावले. बाईंनी सगळ्यांचे पैसे एकत्र केले आणि जानेवारीत कपाटं आली.

सोमवारी मी फळी काखेत मारून शाळेत गेलो. पाचवीच्या बाईंची परवानगी घेतली आणि वर्गासमोर उभा राहिलो. म्हटलं, ''शनिवारी मी एका मुलीला म्हणालो होतो की मशीन खोटं बोलत नाही. मशीन खोटं बोललं होतं. ते मीच तसं बनवलं होतं. ती खरं बोलत होती. माझं चुकलं.'' वर्ग गप्प. तिनं मान खाली घातली, पण कानापर्यंत हसू आलेलं दिसत होतं.

मी म्हटलं, ''तुझा डाव बाकी आहे.''

ती आली. चढ गेला, उतार गेला. अवघड वळणावर कडी लागली आणि बझर वाजला. अख्ख्या वर्गानं 'अरेरे' केलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ''आता टेकली, आजोबा.''

पेन तिनं घेतलं नाही. जिंकले नाही, म्हणाली.

मी ज्या स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजवर शिकलो, ती अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर यांनी शोधली. पेटंट 1891 चं. हा माणूस अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. असं सांगतात की ऑपरेटर बाई आपले फोन प्रतिस्पर्ध्याकडे जोडतात असा त्याला संशय आला, म्हणून त्यानं माणूस मधून काढून यंत्र बसवलं. माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र, हे मी तरुणपणी कौतुकानं सांगायचो. आता सांगताना जरा अडखळतो.

तुमच्यापैकी कोणी शाळेसाठी असा खेळ करणार असेल तर जरूर करा. दोनशे-अडीचशे रुपयांत होतो आणि मुलं त्यातून पुष्कळ शिकतात. सेलच वापरा. कडी मुलांच्या हाताला साजेशी ठेवा. चाचणी घेताना शेजारी मिक्सर लावून बघा. आणि फळीवर ठळक अक्षरांत एक ओळ लिहा. आमच्या फळीवर ती नातीनं लिहिली आहे : 'वाद झाला तर डाव पुन्हा.'

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)