गुहेतील देव आणि त्यांची कथा

एखाद्या पंथाचे गुपित त्याच्या कलेवरून कितपत उलगडते? रोमन साम्राज्यातील मिथ्रास देवाचा पंथ हे या प्रश्नाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. इसवी सनाच्या पहिल्या ते चौथ्या शतकांत दीक्षा घेतलेले पुरुष गुहेसारख्या अंधाऱ्या दालनांत जमत. त्यांचा धर्मग्रंथ हाती आलेला नाही. उरली आहेत ती शिल्पे. बैलाला मारणारा, मान मागे वळविलेला देव. रक्ताकडे झेपावणारे कुत्रा आणि साप. बैलाच्या शेपटीतून फुटलेली गव्हाची कणसे. ओस्तिया येथील एका दालनाच्या फरशीवर दीक्षेच्या सात पायऱ्यांची चिन्हे आहेत. पायऱ्या सात, एवढे निश्चित झाले; पण प्रत्येक पायरीवर कानात काय सांगितले जाई, ते दगड सांगत नाही. बैल का मारला, यावर विद्वान आजही भांडतात.

आता आपल्या आदिलाबादकडे वळू. राजगोंडांच्या पेरसापेन या कुळदेवाला मनुष्यरूपी मूर्ती नाही. लोखंडी भाल्याचे पाते आणि चवरी, एवढीच त्याची खूण. तीही पूजेचा काळ सोडता नजरेआड जपलेली. परक्याला त्यात केवळ लोखंड दिसेल. परंतु परधान किंगरी वाजवून कुळकथा गाऊ लागला, की त्या लोखंडाला अर्थ येतो. महादेवाने गोंडांचे देव गुहेत कोंडले, पहांदी कुपार लिंगोने त्यांना सोडविले, आणि पुढे चार, पाच, सहा व सात देवांचे सगे झाले, असे ती कथा सांगते. २०१६ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या जंगूबाईच्या गुहेकडे पुष्य महिन्यात महाराष्ट्रातूनही भाविक का लोटतात, हेही या कथेनेच उमगते.

तात्पर्य, रोममध्ये चित्र राहिले, वाणी गेली. येथे चित्र अगदी थोडे, सारा भार वाणीवर. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ च्या ग्रंथात या समाजाचे धर्मजीवन नोंदविले. गुंजाळा गावच्या पोथ्यांतील गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. तरीही गाणाऱ्याचा सूर आणि त्याने केलेला अर्थ कागदावर पुरता उतरत नाही.

म्हणून गोंड व परधान मुले ज्या शाळांत शिकतात, तेथील शिक्षकांना एक विनंती. कुळाने झाकलेले उकरू नका. पण चारचौघांत जे गायिले जाते, ते त्या वडीलधाऱ्यांच्या संमतीने मुलांकडून ऐकवून, लिहवून घ्या. गाणारे आज आपल्यात आहेत.